गळ्यातली पाटी

बाईंनी माझ्या बाहीत बोट घातलं आणि खाली ओढलं. टर्र झालं. खांद्यापासून कोपरापर्यंत शिवण उसवली.

"आता बरोबर दिसतंय," त्या म्हणाल्या.

मैदान पोरांनी भरलं होतं. सगळ्यांनी बघितलं. कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. सगळे असे बघत होते, जसं काही बाई फळ्यावरचं चुकलेलं गणित दुरुस्त करताहेत.

झंपर नवा होता. शाळेचा पांढरा झंपर आणि निळा स्कर्ट. आईनं बाजारात जाऊन कापड स्वतः निवडलं होतं आणि आमच्या गल्लीतल्या टेलरचाचांनी शिवलं होतं. नववीपर्यंत मी दुसऱ्यांचं उतरलेलं घातलं. माझ्या मापाचं पहिलं कापड ते. त्या दिवशी मी ते मुद्दाम घातलं, कारण बाईंनीच आदल्या दिवशी वर्गात सांगितलं होतं की उद्या मदतफेरी आहे, कलेक्टर साहेब येणार आहेत, सगळ्यांनी स्वच्छ गणवेशात यायचं. ते बाकीच्यांसाठी होतं. आमच्यासाठी नव्हतं. कुणी तसं सांगितलं नाही. आम्हाला आपोआप कळायला पाहिजे होतं.

"चपला पण काढ. चपला घालून कोण मदत मागतं?"

काढल्या.

मग गळ्यात पाटी आली. पुठ्ठ्याची, सुतळी ओवलेली. 'आम्हाला शिकायचे आहे. मदत करा.' अक्षर ठसठशीत, शिरोरेघ सरळ. ते अक्षर माझं होतं. चित्रकलेच्या सरांनी आदल्या दिवशी मधल्या सुट्टीत मला बोलावून घेतलं होतं. "तुझं अक्षर वर्गात सगळ्यात चांगलं," असं म्हणून हातात ब्रश दिला होता. मी फुगून गेले होते. पाटी कुणाच्या गळ्यात जाणार, हे त्यांनी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

लातूर नुकतंच जिल्हा झालं होतं. दुकानांच्या फलकांवर रंगाऱ्यांनी 'जि. उस्मानाबाद' खोडून 'जि. लातूर' लिहिलं होतं, आणि खालचं जुनं अक्षर अजून दिसायचं. गावातल्या मोठ्या माणसांना जिल्ह्याच्या ठिकाणाला शोभेल असं काहीतरी करून दाखवायचं होतं. वरून पाऊस नव्हता. आदल्या वर्षीही नव्हता. विहिरींचे तळ दिसत होते, टँकर आला की घागरींची भांडणं व्हायची. अशा दिवसांत आमच्या संस्थेच्या अध्यक्षांना कल्पना सुचली की गरीब विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्तीसाठी सगळ्या शाळेनं गावातून फेरी काढावी. त्यांची बाजारात आडत होती, तेलाची गिरणी होती. सगळं गाव त्यांना मालक म्हणायचं. शाळेतही मालकच. हेडमास्तरसुद्धा मालकच म्हणायचे.

शिष्यवृत्ती मिळणारे आम्ही चौघं होतो. मी, आमच्याच वस्तीतली एक मुलगी, आणि बोर्डिंगात राहणारी दोन मुलं. चौघांच्या गळ्यात पाट्या. चौघांच्या हातात एका चादरीची चार टोकं. चादर ताणून धरायची, लोक तिच्यात पैसे टाकणार. आम्ही पुढं, आणि मागं सगळी शाळा, ढोल, लेझीम, घोषणा.

कलेक्टर साहेबांनी हिरवी झेंडी दाखवली, टाळ्या झाल्या, त्यांची जीप निघून गेली. आम्ही चालायला लागलो.

आई नेहमी सांगायची, आपण मुखेडकडचं गाव सोडलं ते एका टोपलीपायी. आम्ही मातंग. गिरान, म्हणजे ग्रहण, लागलं की आमच्या वाड्यानं टोपली घेऊन गावात फिरायचं, दारोदार ओरडून दान मागायचं. लोक ओवाळून टाकल्यासारखं वरून टाकायचे. जुनेर, शिळं अन्न, किडकं धान्य. गिरानाची पीडा म्हणे आमच्या टोपलीत जायची. बाप मी रांगत होते तेव्हाच तापानं गेला. मी तिसरीत असताना आजीनं टोपली माझ्या हातात दिली. म्हणाली, आता तू जायचं. आईनं माझ्या हातातून ती हिसकली, चुलीत घातली, आणि आजीसमोर म्हणाली, "ही न्हाई जाणार. हिच्या लेकरानं बी न्हाई जाणार." आजीनं शिव्या घातल्या. भावकी म्हणाली, रीत मोडली. दुसऱ्या दिवशी आम्ही मुखेडला चालत आलो आणि लातूरची एसटी धरली. आईनं लातुरात लोकांच्या घरी काम धरलं नाही. म्हणाली, उष्ट्याखरकट्याला हात लावला की ते हळूच पदरात येतं. ती मातीचं काम करायची, दगडाचं करायची. दुष्काळ पडला तशी रोजगार हमीच्या सडकेवर खडी फोडायला जायला लागली.

आणि मी गंजगोलाईच्या गोल बाजारात चादर धरून चालले होते.

ऊन तापलं होतं. डांबर पायाला चटके देत होतं. दुकानदार गादीवरून उठून येत, चादरीत काहीतरी टाकत आणि पाट्या वाचत. काही जण मोठ्यानं वाचत. एक कापडवाला माझ्याकडं बघून शेजाऱ्याला म्हणाला, "ही तर चांगली धडधाकट हाय की. सडकंच्या कामावर का जाईना?" दुसरा म्हणाला, "टाका हो, पुण्याचं काम हाय." त्यानं नाणं लांबून फेकलं. ते माझ्या हनुवटीला लागून चादरीत पडलं. तो "अरे अरे" म्हणाला आणि हसला.

मागं पोरं घोषणा देत होती. मालकांची मुलगी शैला माझ्याच वर्गात होती. ती पुढच्या ओळीत, म्हणजे माझ्या पाठीमागंच चालत होती. डोक्यावर पांढरी टोपी, खांद्याला पाण्याची बाटली. वर्गात आम्ही बोलायचो. माझी गणिताची वही तिच्याकडं असायची, आणि तिच्यामुळं मला आपण त्यांच्यातल्याच एक आहोत असं कधीमधी वाटायचं. ती पुढं वाकून माझ्या कानात म्हणाली,

"किती चालायलो बघ आम्ही तुझ्यासाठी. पाय गेले माझे."

ती रागानं बोलली नव्हती. तिला ते खरंच वाटत होतं. तिच्या पायात बूट होते.

मी काही बोलले नाही. बोलायला येत होतं मला. वक्तृत्वात पहिला नंबर होता. पण गळ्यात पाटी असली की तोंडाचं काम उरत नाही. पाटीच बोलते.

गोलाईचा फेरा झाला. मला वाटलं, संपलं. पण मालकांनी पेपरच्या फोटोग्राफरला बरोबर घेतलं होतं. ते हेडमास्तरांना म्हणाले, "आता कामावर जाऊ. दुष्काळी कामावरचे मजूरसुद्धा शिक्षणासाठी मदत करतात, असा फोटो छान येईल. जिल्ह्यात नाव होईल शाळेचं."

गावाबाहेर काम एकाच सडकेवर चालू होतं.

तिथं पोचलो तेव्हा बाया उन्हात ओळीनं बसल्या होत्या. समोर दगडांचे ढीग, फोडलेल्या खडीचे ढीग. हातोड्यांचा आवाज. ढोल ऐकून आवाज थांबला. मुकादम पळत आला, मालकांना नमस्कार केला आणि बायांवर ओरडला, "उठा गं, उठा! शाळेची फेरी आलीय. एकेकीनं काहीतरी टाका. फोटू निघायलाय."

बाया उठल्या. पदराच्या गाठी सोडायला लागल्या. ज्यांची स्वतःची लेकरं मागं झाडाखाली फाटक्या लुगड्याच्या झोळीत झोपली होती, त्या बाया.

मी मान खाली घातली. माझ्या मनात एकच होतं, तिनं बघू नये. पण आईला तोंड दिसावं लागत नाही. पायावरून ओळखते.

ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली. अंगावर दगडाची धूळ, पापण्यांवरसुद्धा. आधी तिनं बाही बघितली. उसवलेली कड दोन बोटांत धरून बघितली. मग पाय. मग पाटी.

"काय लिव्हलंय गं ह्याच्यावर?"

आईला वाचता येत नव्हतं.

मी मोकळा हात पाटीवर ठेवला.

"वाच."

"आये, घरी सांगते."

"वाच म्हणते ना."

मी वाचलं. मान खाली घालून, उलटी अक्षरं बघत, माझ्या आईला वाचून दाखवलं. "आम्हाला शिकायचे आहे. मदत करा."

"कुणी लिव्हलं?"

"मी."

मुकादम ओरडला, "अगं टाक की काहीतरी आणि हो बाजूला!"

"मपली लेक हाय ती," आई म्हणाली.

मालकांनी ते ऐकलं. त्यांचा चेहरा उजळला. खरंच उजळला. "अरे वा! म्हणजे आई इथं खडी फोडते आणि लेक आमच्या शाळेत शिकते! इकडं या हो, फोटोवाले. हा घ्या फोटो. दोघींचा. बाई, तुम्ही असं करा, लेकीच्या झोळीत काहीतरी टाका. हात थोडा वर धरा. आणि तू गं, आईकडं बघ. हसू नको, साधं बघ."

फोटोग्राफर वाकला. बाईंनी मागून माझी मान धरून सरळ केली. आईचा एक हात पदराच्या गाठीवर होता, दुसऱ्यात हातोडा. तिच्या ओठांची कड हलत होती. ती रडणार होती की शिवी देणार होती, मला अजून कळलं नाही. मला एवढंच दिसलं की आता ही टाकेल. माझी शाळा जाऊ नये म्हणून टाकेल. जिनं चुलीत टोपली जाळली, ती माझ्या झोळीत दान टाकेल आणि त्याचा फोटो निघेल.

मी चादरीचं टोक सोडलं.

चादर एका बाजूनं कलली. सगळी चिल्लर घरंगळत खडीच्या ढिगावर गेली. नोटा वाऱ्यानं उडाल्या, पोरं त्यांच्यामागं धावली. खडीत पडलेली चिल्लर दिसतसुद्धा नव्हती, दगडांच्या फटीत जाऊन बसली होती. मी मान वाकवली आणि सुतळी डोक्यावरून काढली. पाटी खाली टाकली.

ढोल थांबला.

"वेच ते," मालक म्हणाले.

मी उभी.

"ऐकू आलं नाही का? सगळं वेच."

"न्हाई."

शाळेनं माझ्या तोंडात 'नाही' बसवलं होतं. बाईंनी पाचवीपासून माझं बोलणं सुधारून सुधारून बसवलं होतं. त्या दिवशी निघालं ते माझं, घरचं. "न्हाई वेचणार."

बाईंनी माझ्या कानाखाली मारली. दुसरी मारायला हात उचलला, तेव्हा मधे आई आली. तिच्या हातात हातोडा होता. तिनं तो उगारला नाही. खालीही ठेवला नाही.

"पुन्यांदा हात लावू नका," ती म्हणाली. आवाज चढवला नाही.

मालक हेडमास्तरांकडं वळून म्हणाले, "बघा. खैरात खातात आणि वर माज दाखवतात."

आईनं ते ऐकलं. "कसली खैरात, मालक? ह्या सडकंवरून तुमच्या आडतीच्या ट्रका जाणार. ही खडी आमी फोडायलो. तुमाला आमी कधी काय मागितलं? तुमीच पोरीला मागाया लावलं."

तिच्या मागं बाया उभ्या होत्या. ज्यांनी गाठी सोडल्या होत्या, त्यांनी त्या परत मारल्या.

मुकादमानं आईचं नाव हाजरीतून त्याच ठिकाणी काढलं. उद्यापासून येऊ नको म्हणाला.

आम्ही दोघी घरी चालत आलो. मला वाटत होतं, आई मला जवळ घेईल. आपण मोठं काहीतरी केलं असं माझ्या मनात होतं. घरात आल्यावर ती खाली बसली, हातावरची धूळ चोळत राहिली, आणि म्हणाली,

"मला वाचता येत न्हाई. म्हणून मुकादम मला फसवतो, दुकानदार फसवतो. जिथं अंगठा लाव म्हणतील तिथं लावते. ते समजतं मला. पर तुला वाचता येतं. तू सोता लिव्हलंस, सोता वाचलंस, आन् तरी गळ्यात घातलंस. मग शिकून काय शिकलीस?"

बाईंची चापट मी विसरले. ही नाही विसरले.

त्या दुपारी मला कळलं की मी शाळेत अक्षरं शिकले होते. त्यांच्या फळ्यावरची, त्यांच्या पुस्तकातली. शुद्धलेखनात एक चूक काढून दाखवा म्हणायचे मी. पण ती अक्षरं कुणाबद्दल आहेत, कुणी लिहून घेतली, कुणाच्या गळ्यात जाणार, हे वाचायला मला कुणी शिकवलं नव्हतं. आणि ते शिकवणार नव्हतेच कुणी. त्यांना तसं वाचणारी पोरं नको होती. त्यांना चांगल्या अक्षराची पोरं पाहिजे होती.

दोन-चार दिवसांनी हेडमास्तरांनी आम्हाला बोलावलं. वाईट माणूस नव्हता. आईला खुर्चीवर बसा म्हणाला. ती उभीच राहिली. मला म्हणाला, "पोरी, हुशार आहेस. दहावीला बोर्डात येशील. मालकांचं मन मोठं आहे. उद्या प्रार्थनेच्या वेळी सगळ्यांसमोर दोन शब्द बोल, चुकले म्हण, मालकांच्या पाया पड. शिष्यवृत्ती मिळेल. विषय संपेल."

आईनं माझ्याकडं बघितलं. "तुला काय वाटतं?"

घरात दाणा नव्हता. आईला काम नव्हतं. हे तिला माहीत होतं, मला माहीत होतं, आणि हेडमास्तरांनाही माहीत होतं. म्हणून तर बोलावलं होतं.

"मी पाया न्हाई पडणार," मी म्हणाले.

आई हेडमास्तरांना म्हणाली, "मग हिचा दाखला द्या. दुसरीकडं घालते."

दाखला दिला नाही. आधी माफी, मग दाखला. आम्ही हेलपाटे घालत राहिलो. कधी क्लार्क रजेवर, कधी शिक्का नाही, कधी मालकांना विचारून सांगतो. दुसऱ्या शाळांतले प्रवेश बंद झाले. माझ्या वर्गातली पोरं दहावीत गेली. शैला शाळेच्या गेटात मला बघायची आणि मान वळवायची.

शेवटी आई म्हणाली, "कलेक्टर कुठं बसतो?"

"कचेरीत. पण आपल्याला आत सोडणार न्हाईत."

"का? जिल्हा झाला तो काय निस्ता मालकाचा झाला का? आपला बी हाय."

आम्ही कचेरीच्या पायऱ्यांवर जाऊन बसलो. शिपायानं हाकललं. परत बसलो. रोज. शेवटी एका दुपारी साहेबांनीच जाता जाता विचारलं, काय काम आहे. मी सांगितलं. विनंती केली नाही, झालं ते सांगितलं. त्यांनी मला ओळखलं नाही. झेंडी दाखवताना त्यांनी माझी पाटी बघितली होती, तोंड नव्हतं बघितलं. त्यांनी आत जाऊन शाळेला फोन केला. तेवढंच. पण त्या फोनवर दाखला निघाला.

क्लार्कनं तो टेबलावरून माझ्याकडं सरकवला. मी तिथंच उभं राहून वाचला. आता मी सगळं वाचत होते. नाव, जात, जन्मतारीख, शाळा सोडण्याचं कारण. खाली एक रकाना होता. वर्तणूक. त्याच्यापुढं लाल शाईनं लिहिलं होतं: असमाधानकारक.

आईनं विचारलं, "काय लिव्हलंय?"

मी तिला वाचून दाखवलं. अर्थ सांगितला. "मी जशी वागले तशानं त्यांचं समाधान झालं न्हाई, असं लिव्हलंय."

"खरं लिव्हलंय की मग," आई म्हणाली आणि चालायला लागली.

आम्ही नांदेडकडं गेलो. अर्धापूरला केळीच्या बागा होत्या, धरणाचं पाणी होतं, आईला घड तोडायचं, वाहायचं काम मिळालं. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत गेले. परत नववीतच बसले. एक वर्ष गेलं माझं. ते मला कुणी परत दिलं नाही, आणि मी ते कुणाला माफ केलं नाही. बोर्डात आले नाही. पास झाले. आई पुढं खांद्यानं अधू झाली. दवाखान्यात डॉक्टरनं विचारलं, एवढं ओझं कशाला वाहिलं? तिनं माझ्याकडं बोट केलं.

अर्धापूरच्या हेडसरांनी पहिल्याच दिवशी दाखला वाचून कपाळाला हात लावला होता. म्हणाले, "हे जन्मभर मागं लागेल तुझ्या. नोकरीत आडवं येईल. त्या शाळेला एक ओळ लिहून दे, झालं गेलं म्हणून. ते दुरुस्त करून देतील. मी बोलतो त्यांच्याशी." भल्यासाठीच सांगत होते.

मी ती ओळ लिहिली नाही.

मूळ दाखला अर्धापूरच्या शाळेत जमा झाला. त्याची नक्कल मी काढून घेतली. ती माझ्याजवळ आहे. नोकरीच्या मुलाखतीला गेले तेव्हा बाकीच्या कागदांबरोबर मीच ती पुढं ठेवली. कुणी मागितली नव्हती. साहेबांनी त्या शब्दावर बोट ठेवून विचारलं, "हे काय आहे?"

"वर्तणूक आहे माझी," मी म्हणाले.

"सुधारली का आता?"

"न्हाई."

ती नोकरी मला मिळाली नाही. पुढं दुसरी मिळाली. त्यानंतरही पुष्कळ ठिकाणी पुष्कळ जणांनी प्रेमानं, समजावून, दम देऊन सांगितलं की थोडं वाकलं की सगळं सोपं जातं. असेल. मला करून बघायचं नाही. माझ्या वागण्यानं ज्या दिवशी त्या लोकांचं समाधान होईल, त्या दिवशी माझं काहीतरी चुकलेलं असेल. म्हणून मी तो शब्द खोडणार नाही, कुणाला खोडू देणार नाही. जिवंत आहे तोवर असमाधानकारकच वागणार आहे.